सव्वानऊ ते साडेतीन

सांगलीला सौदा नवा नाही. वसंतदादा मार्केट यार्डात आजही व्यापारी हळदीच्या पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मगच बोली लावतो. वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारा सौदा, तोही जुनाच. कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी इथं हळदीचे वायदे होत. त्यात बुडालेला माणूस गावाला कळायचा. पेढी दोन दिवस बंद दिसली की कुजबुज सुरू.

इंट्राडेत, म्हणजे घेतलेले शेअर त्याच दिवशी विकण्याच्या सौद्यात, बुडालेला कुणाला दिसत नाही.

असाच एक तरुण. त्याचं नाव आपण घेणार नाही. वडिलांचं खत-औषधांचं दुकान आहे. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा तो गल्ल्यावर असतो, फोन बिलबुकाच्या आडोशाला. गिऱ्हाईकाला युरियाचा भाव दोनदा विचारावा लागतो. "आरं, लक्ष कुठं हाय तुझं?" तो भाव सांगतो, नजर मात्र लाल आकड्यावरच.

हिशेब मांडून बघू. खिशातले 50,000. मार्जिनवर, म्हणजे दलालाच्या उसन्या बळावर, त्याला अडीच लाखांपर्यंतचे शेअर घेता येतात. भाव दोन टक्के घसरला, जो एरवीही घसरतोच, की 5,000 गेले. म्हणजे भांडवलाचा दहावा हिस्सा, एखाद्या तासात. आणि भाव जागचा हलला नाही तरी? घेताना 20, विकताना 20 दलाली. विक्रीवर एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहाराचा कर, साडेबासष्ट रुपये. जीएसटी, स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचं शुल्क धरून सव्वाशेच्या वर. असे दिवसाला दहा सौदे, महिन्याचे वीस दिवस. पंचवीस हजारांहून जास्त नुसत्या खर्चात. निम्मं भांडवल! 'दलाली तर नावापुरती' म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा कागदावर करावी.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2022-23 सालचे व्यवहार तपासले. इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जण तोट्यात निघाले. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत दहांपैकी आठ. तिशीच्या आतले 2018-19 मध्ये 18 टक्के होते, चार वर्षांत 48 टक्के झाले.

आकडे त्यालाही पाठ आहेत. आपण उरलेल्या तिघांतले, असं प्रत्येकाला वाटतं.

अकराच्या सुमारास स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आपोआप विक्रीसाठी लावलेला भाव, जवळ येतो. तो लावलेला असतो शांत डोक्यानं, काढला जातो घाबऱ्या डोक्यानं. "जरा थांबू, वर येईल." येत नाही. मग पडलेल्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज, म्हणजे खरेदीची सरासरी खाली आणायची. लॉस बुक केला तर चुकलो हे मान्य करावं लागतं, आणि पैशापेक्षा तेच जड जातं. तीनच्या पुढं दलालाची यंत्रणाच पोझिशन कापते, म्हणजे उघडा सौदा आपोआप बंद करते. बाजार बंद व्हायला काही मिनिटं उरलेली असतात, तेवढ्यात 'रिकव्हर' करायला आणखी एक सौदा. सगळ्यात महाग पडतो तो हाच.

घरी आई विचारते, "जेवणार न्हाईस व्हय?" भूक नाही म्हणून तो सांगतो. फायदा झाला त्या दिवशी मात्र मित्रांना भडंग, चहा, स्क्रीनशॉट. तोट्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही. म्हणून ग्रुपवर बघणाऱ्याला वाटतं, सगळेच कमावताहेत.

भांडवल संपलं की लोक थांबतात, असा आपला समज. पुष्कळदा उलटं होतं. आधी बचत मोडते, मग लोन ॲपवरून उचल, मग बायकोचं सोनं तारण. काहीजण कमी पैशात जास्त उडी म्हणून ऑप्शनकडे, म्हणजे थोडी रक्कम भरून भावाच्या चढउतारावर लावलेल्या सौद्यांकडे, वळतात. तिथलं चित्र आणखी वाईट. मार्च 2024 पर्यंतच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर.

रिटर्न भरायची वेळ येते आणि प्रकरण सीएच्या टेबलावर उघडं पडतं. प्राप्तिकर कायदा इंट्राडेला सट्टाच मानतो. हा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातूनही नाही. चार वर्षं पुढं ओढता येतो, पण तोही फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून. दुकानाच्या कमाईवरचा कर पूर्ण भरावा लागतो. ती रक्कम कुठून आणायची, हे वडिलांना त्याच आठवड्यात सांगावं लागतं.