बिलातली भाषा वेबसाइटवर आणा

नमस्कार मंडळी. समोर इंदूरच्या सांवेर रोडचे, पोलोग्राउंडचे कारखानदार दिसतायत, मागे सियागंजातले दोन-चार व्यापारीही आहेत. तेव्हा थेट धंद्याचंच बोलू.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या वेबसाइटवर पहिलं वाक्य साधारण असं असतं : ‘गुणवत्ता आणि विश्वास यांच्या बळावर ग्राहकांना सर्वोत्तम सेवा देणारी अग्रगण्य संस्था.’ आता सांगा, ही संस्था खोकी बनवते, मोटारपंप दुरुस्त करते, की कोचिंग क्लास चालवते? हे वाक्य उचलून शेजारच्याच्या वेबसाइटवर चिकटवा, तिथेही खपून जाईल.

गंमत म्हणजे हाच माणूस बिल करताना असलं काही लिहीत नाही. लिहून चालणारही नाही, तिथे जीएसटीवाले बसलेत. खोक्यांचा कारखाना धरा. बिलावर असतं : ‘कोरुगेटेड बॉक्स, ५ प्लाय, १८ × १२ × १० इंच, एका रंगात छपाई, एचएसएन ४८१९.’ एचएसएन म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड. स्वच्छ! वेबसाइटवर गेलं की त्याचंच ‘परिपूर्ण पॅकेजिंग सोल्यूशन्स’ होतं. गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

म्हणून मजकूर लिहायला बसाल तेव्हा बिलांची फाइल समोर घ्या आणि ऑफिसात फोन उचलणाऱ्याला शेजारी बसवा. ‘भैया, पाँच प्लाय में बनाते हो क्या? कम से कम कितना माल लेना पड़ेगा? पीथमपुर तक भेज दोगे?’ हे तो दिवसभर ऐकतो, उत्तरं त्याला तोंडपाठ असतात. तीच लिहा. समजा असं : ‘आम्ही सांवेर रोडवर ३, ५ आणि ७ प्लायची कोरुगेटेड खोकी बनवतो. नमकीन, औषधं आणि गाड्यांचे सुटे भाग भरायला ती जातात. किमान ऑर्डर ५०० नग. माप द्या, आधी नमुना करून दाखवतो. पीथमपूर आणि देवासला माल पोचवतो.’ झालं. भाषा हिंदी ठेवा नाहीतर इंग्रजी, हिशेब तोच.

यात ‘प्लाय’ शब्द ठेवायचा का? ठेवायचाच. पीथमपूरच्या कंपनीतला खरेदीवाला तोच शब्द शोधत येतो. पण घरून दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या ताईंना तो कळणार नाही. त्यांच्यासाठी एक ओळ पुरते : तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी थर, पाच प्लायमध्ये असे नागमोडी थर दोन.

आणि हे सगळं पान उघडताक्षणी दिसलं पाहिजे. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये लोक वेबसाइट कशी वाचतात ते तपासलं, तेव्हा १०० पैकी ७९ जण नुसती नजर फिरवत होते. तेही मोठ्या पडद्यासमोर बसून. आता तर पानाचा अंगठ्यानं सरकवता येईल तेवढाच तुकडा डोळ्यांपुढे असतो. कारखाना कुणी काढला, आजोबांनी काय हाल सोसले, ते जरूर सांगा, पण खाली.

गूगलच्या यादीत तुमच्या नावाची जी ठळक ओळ दिसते, ती बहुधा पानाच्या टायटलमधून येते. तिथे कित्येकांचं नुसतं ‘होम’ असतं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही, तोही बदलत नाही. तिथे ‘कोरुगेटेड खोकी, इंदूर’ आणि पुढे फर्मचं नाव घालायला सांगा.

मघाशी एका काकांनी विचारलं, दर लिहिले तर शेजारचा वाचेल ना? काका, तुमचा दर त्याला सियागंजात चहा पिता पिता कळलेलाच आहे. तरी नको असेल तर आकडा लिहू नका, दर कशावर ठरतो ते लिहा : माप, प्लाय, कागदाचा जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), छपाईचे रंग, नग. मग फोन करणारा या पाच गोष्टी हाताशी घेऊनच बोलेल, आणि ‘रेट क्या है’ एवढंच विचारून फोन ठेवणारे कमी होतील.