मस्तक हरवलेला शहाजादा

(छ्येनलिंग, सकाळ. दगडी पुतळ्यांच्या रांगा.)

मोजले तर 61 भरतात. घट्ट बाह्यांचे अंगरखे, कमरेला पट्टा, दोन्ही हात छातीशी जुळवलेले. आणि डोकं जवळजवळ कुणालाच नाही.

चीनमधल्या शीआन शहराच्या वायव्येला थांग सम्राट काओचुंग आणि सम्राज्ञी वू चतिएन यांची ही समाधी. त्यांच्या दरबाराशी नातं असलेले परमुलखातले राजे, सरदार, वकील इथे दगडात उभे केले आहेत. कोण कुठला, ते पाठीवर कोरलं होतं. बहुतेक अक्षरं आता झिजली, पण जुन्या काळी कुणीतरी ती उतरवून ठेवली. त्यात एक नोंद आहे : इराणचा राजा बेइलुसी.

चिनी जिभेवरचा हा बेइलुसी म्हणजे पेरोझ. पेरोझ म्हणजे विजयी. आपल्या फिरोजशहा मेहतांच्या नावातला फिरोज तो हाच.

(नकाशा. तेसिफोन ते मर्व.)

पेरोझचे वडील यज्दगर्द तिसरे, इराणच्या सासानी घराण्याचे शेवटचे बादशहा. अरब फौजांनी राजधानी तेसिफोन घेतली. 642 मध्ये नहावंदची लढाई हातची गेली. बादशहा एकेक प्रांत सोडत पूर्वेकडे सरकत राहिले आणि 651 मध्ये आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्वजवळ मारले गेले. रात्रीच्या आसऱ्याला गेले होते, तिथल्या पाणचक्कीवाल्यानंच घात केला, असं परंपरा सांगते.

मुलगा तुखारिस्तानात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, आसऱ्याला राहिला. तिथून त्यानं थांग दरबाराकडे फौज मागितली. अंतर फार आहे, असं उत्तर आलं. त्यानं पुन्हा मागितली. 661 मध्ये दरबारानं आपल्या पश्चिम टोकाला ‘इराणचं ठाणं’ जाहीर केलं आणि त्याचा मुख्य म्हणून पेरोझला नेमलं. ठाण्याची जागा झरंज. नकाशावर बघा, आजच्या अफगाणिस्तान-इराण सीमेवर, चिनी राजधानी चांगआनपासून (म्हणजे आजच्या शीआनपासून) हजारो किलोमीटरवर. पुढच्या वर्षी ‘इराणचा राजा’ हा किताबही आला. फौज आली नाही.

670 च्या दशकात तो स्वतःच चांगआनला पोचला. दरबारानं सेनापतीचा हुद्दा दिला. 677 मध्ये या राजानं सम्राटाकडे जे मागितलं, ते ऐकून आम्ही थबकलो. आपल्या इराणी माणसांसाठी शहरात एक प्रार्थनास्थळ. पळून गेलेला राजपुत्र म्हणून पेरोझला एका ओळीत उरकतात, तेव्हा ही मागणी आठवावी.

लवकरच तो गेला. 679 मध्ये त्याचा मुलगा नर्सेह याला गादीवर बसवायचं सांगून चिनी फौज निघाली. खरं लक्ष्य तुर्क होते. ते साधताच सेनापती पेइ शिंगच्येन आजच्या किर्गिझस्तानातल्या सुयाबहून मागे फिरले. नर्सेह वीसहून अधिक वर्षं तुखारिस्तानात राहिला, सोबतची माणसं पांगली, आणि अखेर चांगआनला परतून तो आजारानं वारला.

(शिलालेख, अगदी जवळून.)

हा दगड 1955 मध्ये शीआनला सापडला. 874 मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारलेल्या एका इराणी वंशाच्या बाईचा हा मृत्युलेख. वर पहलवी, म्हणजे सासानी काळातली इराणी भाषा, खाली चिनी. पेरोझला जाऊन तोवर जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती. घरात बोलणं चिनी झालंही असेल, पण लेकीबाळींच्या दगडावर पहलवी अक्षरं कोरणारा हात अजून होता. पहलवी मजकुरात चिनी सम्राटाचं साल आहे, अरबांचं साल आहे आणि तिसरं साल आहे यज्दगर्दांचं : 240.

(मुंबई. पारशी घर, भिंतीवरचं कॅलेंडर.)

यज्दगर्द गादीवर बसले ते 632 साल. तिथून सुरू झालेली मोजणी इथे अजून चालू आहे. ऑगस्टमध्ये आपण शेजारच्या पारशी कुटुंबाला पतेतीच्या शुभेच्छा देतो (खरी पतेती आदल्या दिवशी असते, आपण देतो त्या नवरोजच्या), त्या दिवशी साल बदलतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये या भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं. त्यावर यज्दगर्दी साल छापलं आहे 1395.