मायोर्काचे मूळ रहिवासी

(दृश्य : संध्याकाळ. जुन्या दगडी घराची भिंत, दिव्याजवळ थांबलेली पाल.)

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यासमोर, भूमध्य समुद्रात, बालेआरिक बेटांचा समूह पसरलेला आहे. त्यांतले सर्वांत मोठे बेट म्हणजे मायोर्का. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 3,640 चौरस किलोमीटर आहे. वसंत ऋतूतल्या एखाद्या संध्याकाळी इथल्या गावात फेरफटका मारला, तर दिव्याखाली किड्यांवर टपून बसलेल्या खरबरीत अंगाच्या पाली दिसतात, शेतातल्या हौदांमधून हिरव्या ठिपक्यांच्या भेकांची लांबलचक शीळ ऐकू येते, ओढ्याकाठी हिरवे बेडूक डरावत असतात, आणि दिवसा झुडपांखालून एखादे कासव सावकाश चाललेले आढळते. बेटावरचे प्राणिजीवन पाहिले, असे समाधान मानून पाहुणा परत जातो. परंतु यांतला एकही प्राणी मुळात या बेटाचा नाही. पाली जहाजांतल्या मालाबरोबर आल्या असाव्यात. कासवांच्या इथे आढळणाऱ्या दोन्ही जाती माणसांनी आणल्या. ज्या भेकाच्या शास्त्रीय नावातच बालेआरिक बेटांचा उल्लेख आहे, तो भेकही कांस्ययुगाच्या सुमारास माणसांबरोबर इथे पोहोचला, असे अवशेषांवरून दिसते.

मग मूळचे कोण? मायोर्कावर माणूस येण्याआधी जे उभयचर आणि सरपटणारे प्राणी होते, त्यांतले आज दोन उरले आहेत : एक चिमुकला भेक आणि एक सरडा. हे दोघेही सहजी दिसत नाहीत, कारण नंतर आलेल्यांना जिथे पोहोचता आले नाही, तिथेच ते टिकले.

(दृश्य : सेरा दे त्रामुंताना पर्वतरांग, वरून.)

साठ लाख ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वीच्या काळात भूमध्य समुद्राचा अटलांटिक महासागराशी असलेला संबंध जवळजवळ तुटला, पाण्याचे बाष्पीभवन होऊन समुद्राची पातळी खूप खाली गेली आणि आज बेटे असलेले डोंगर मुख्य भूमीला जोडले गेले. त्या वाटेने काही प्राणी इथवर आले. पुढे जिब्राल्टरच्या बाजूने अटलांटिकचे पाणी पुन्हा आत घुसले, समुद्र भरला, आणि आलेले प्राणी इथेच अडकले. पन्नास लाखांहून अधिक वर्षे त्यांना नव्या पाहुण्यांची फारशी झळ लागली नाही. या काळात बेटावर मायोट्रॅगस नावाचा, बकरीच्या कुळातला, बुटका आणि डोळे समोरच्या बाजूला असलेला प्राणी घडला. मागून झडप घालणारा शिकारीच नसेल, तर डोळे बाजूला ठेवून चौफेर नजर ठेवण्याची गरज काय, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसाने बेटावर वस्ती केली आणि मायोट्रॅगस संपला.

सोयेर गावाजवळच्या मुलेता गुहेत मायोट्रॅगसच्या हाडांबरोबर बेडकासारख्या एका लहान प्राण्याची हाडे सापडली. 1977 मध्ये या हाडांवरून एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि गुहेवरून तिला मुलेतेन्सिस हे नाव मिळाले. ही जात मायोट्रॅगससारखीच नामशेष झाली आहे, अशी समजूत होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्रामुंताना रांगेतल्या एका घळीत अनोळखी बेडूकमासे आणि भेकाची पिल्ले सापडली. ती त्याच जातीची निघाली. केवळ जीवाश्मांवरून ठाऊक असलेला कणाधारी प्राणी जिवंत सापडावा, ही प्राणिशास्त्रातली विरळा घटना आहे. आणि तीही दरवर्षी लाखो पर्यटक जिथे सुट्टी घालवतात, अशा बेटावर घडली, हे विशेष.

(दृश्य : अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभे चुनखडीचे कडे, तळाशी पाण्याची कुंडे.)

स्थानिक कॅटलान भाषेत याला फेरेरेट म्हणतात. ऐरणीवर छोटा हातोडा पडावा तसा त्याचा आवाज असतो, म्हणून लोकांनी त्याला चिमुकला लोहार ठरवले. पूर्ण वाढलेला फेरेरेट चार सेंटिमीटरांहूनही लहान असतो. अंग चपटे, पाय लांब, डोळे मोठे आणि बाहुल्या उभ्या. चपट्या अंगामुळे तो चुनखडीच्या बारीक भेगांमध्ये शिरून दिवस काढतो आणि रात्री बाहेर येतो. पावसाळी ओढ्यांनी हजारो वर्षांत कोरून काढलेल्या या घळी इतक्या खोल आणि अरुंद आहेत की, काही कुंडांपर्यंत जायला अभ्यासकांना आजही दोराला लटकून उतरावे लागते.

त्याची प्रजननाची रीत पाहण्यासारखी आहे. युरोपातल्या ज्या मोजक्या भेकांमध्ये अंडी सांभाळण्याचे काम नर करतो, त्या गटातला हा आहे. मादी अंड्यांची माळ घालते आणि नर ती आपल्या मागच्या पायांभोवती गुंडाळून घेतो. अंडी थोडीच, बहुधा दहाच्या आसपास, पण आकाराने मोठी असतात. पुढचे काही आठवडे तो ही माळ पायांत घेऊनच हिंडतो, ती कोरडी पडू देत नाही आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात आली की पाण्यात उतरतो. अंडी वाहायला मोकळा असलेला नर ही इथे दुर्मीळ गोष्ट आहे. त्यामुळे नराला मिळवण्यासाठी माद्यांमध्ये झुंजी होतात. कुंडात सुटलेले बेडूकमासे सावकाश वाढतात आणि शेपटीसह सात सेंटिमीटरांपर्यंत लांब होतात, म्हणजे जन्मदात्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट. प्रौढ भेक भेगांमध्ये दडलेले असल्याने त्यांची मोजदाद जवळपास अशक्य असते. म्हणून दरवर्षी कुंडांमधले बेडूकमासे मोजूनच या जातीच्या स्थितीचा अंदाज घेतला जातो.

फेरेरेट एके काळी सखल भागातही राहत होता, हे जीवाश्मांवरून कळते. तिथून त्याला हुसकावले ते माणसाबरोबर आलेल्या प्राण्यांनी. त्यांतला मुख्य म्हणजे आपल्याकडच्या दिवडासारखा एक बिनविषारी पाणसाप, जो बहुधा रोमन काळात बेटावर आला. तो उत्तम पोहतो आणि बेडूकमासे आवडीने खातो. मुख्य भूमीवरून आणलेल्या हिरव्या बेडकानेही कुंडांमध्ये जागा अडवली. ज्या घळींचे कडे सापाला आणि बेडकाला सहजी चढता-उतरता आले नाहीत, मुख्यतः तिथेच फेरेरेट उरला.

तथापि हा प्राणी अगदीच असहाय नाही. साप असलेल्या कुंडांमधल्या बेडूकमाशांच्या शेपट्या अधिक लांब असतात, असे संशोधकांना दिसून आले. प्रयोगशाळेत केवळ सापाचा गंध असलेल्या पाण्यात वाढवलेल्या बेडूकमाशांमध्येही असाच बदल झाला. लांब शेपटीच्या जोरावर झटकन निसटता येते. हा साप बेटावर येऊन फार तर दोन हजार वर्षे झाली आहेत. उत्क्रांतीच्या हिशेबात हा अवधी अगदी तोकडा आहे, आणि तेवढ्यात या जातीने नव्या शत्रूला ओळखण्याची सोय करून घेतली, ही गोष्ट मला त्याच्या पुनर्शोधाइतकीच विलक्षण वाटते.

(दृश्य : प्रजनन केंद्रातल्या काचेच्या टाक्या.)

फेरेरेटला वाचवण्याचे काम 1985 मध्ये इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर सुरू झाले. 1925 साली जमशेदपूरमध्ये जन्मलेल्या जेरल्ड ड्युरेल यांनी तिथे संकटग्रस्त प्राण्यांच्या प्रजननासाठी प्राणिसंग्रहालय उभारले होते. मायोर्काहून नेलेल्या थोड्या भेकांपासून तिथे पिल्ले वाढवण्यात आली आणि 1989 पासून ती मायोर्कावर सोडायला सुरुवात झाली. काही घळींमध्ये सोडली, काही जुन्या हौदांमध्ये आणि गुरांसाठी बांधलेल्या टाक्यांमध्ये. नव्या ठिकाणी ती रुजली, वाढली. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीचा धोक्याचा दर्जा खाली आणला. उभयचरांच्या बाबतीत यादीतला प्रवास बहुतेक वेळा उलट्या दिशेने होतो, त्यामुळे या उदाहरणाचा बराच गौरव झाला.

याच सुमारास काही कुंडांमधल्या फेरेरेटांमध्ये कायट्रिड बुरशी सापडली. ही बुरशी उभयचरांच्या त्वचेत वाढते. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतात, त्वचेतून श्वासही घेतात. त्यामुळे तिथे बिघाड झाला की शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय थांबते. जगभरातल्या कित्येक जाती या बुरशीने संपवल्या आहेत. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांमध्येही तिची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. मायोर्कावर ती आली कशी, याचा माग काढताना संशोधकांनी बुरशीच्या नमुन्यांची जनुकीय तुलना केली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, प्रजनन केंद्रात याच भेकांच्या सहवासात ठेवलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका दुर्मीळ बेडकाकडून ती फेरेरेटला लागली आणि सोडलेल्या पिल्लांबरोबर घळींत गेली.

इथे कोणाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या वर्षी ती पिल्ले सोडली गेली, तेव्हा या बुरशीला नावही नव्हते. तिचे शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये झाले. मात्र सापांना आणि बेडकांना जे दुर्गम कडे पार करता आले नाहीत, ते माणसाच्या मदतीने एका बुरशीने पार केले, ही वस्तुस्थिती नोंदवावीच लागते.

त्यानंतर जे घडले, ते मात्र आधी कुठेही घडले नव्हते. संशोधकांनी बाधित कुंडांमधले बेडूकमासे पकडून प्रयोगशाळेत नेले आणि त्यांना इट्राकोनाझोल या बुरशीनाशकाच्या द्रावणात रोज काही वेळ ठेवून बरे केले. परंतु कुंडात परत सोडल्यावर त्यांना पुन्हा बाधा झाली, कारण बुरशी आसपास शिल्लक होती. पुढच्या फेरीत भेकांवरील उपचारांबरोबर कुंडे रिकामी करून खडक, कपारी आणि भेगा जंतुनाशकाने धुऊन काढण्यात आल्या. कुठलेही रसायन नैसर्गिक ओढ्यात वापरणे हा वादाचा विषय आहे, आणि हा उपाय जंगलातल्या मोठ्या तळ्यात मुळीच चालणार नाही. इथे तो चालला, कारण कुंडे लहान, एकाकी आणि इतर जीवांच्या बाबतीत बरीच रिकामी होती. 2015 मध्ये या प्रयत्नाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निसर्गातल्या उभयचरांमधून ही बुरशी हटवण्याचे ते पहिले यशस्वी उदाहरण ठरले.

(दृश्य : समुद्रातले खडकाळ बेटुकले. उन्हात पहुडलेले काळे सरडे.)

दुसरा मूळ रहिवासी म्हणजे लिलफोर्डचा सरडा. मायोर्का आणि शेजारचे मेनोर्का या दोन्ही बेटांवर तो एके काळी सर्वत्र होता. आज या दोन्ही मुख्य बेटांवर एकही उरलेला नाही. मांजर, वीझल (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) आणि साप यांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याला संपवले, असे मानले जाते. तो उरला आहे भोवतालच्या बेटुकल्यांवर. त्यांतली काब्रेरा आणि द्रागोनेरा बरीच मोठी आहेत, तर काही इतकी लहान की वादळी लाटांचे पाणी अर्ध्या भागावरून जाते. प्रत्येक बेटुकल्यावरचे सरडे इतरांपासून तुटलेले असल्यामुळे त्यांचे रंग आणि आकार वेगळे होत गेले. मेनोर्काजवळच्या आयरे बेटुकल्यावर ते जवळपास पूर्ण काळे आहेत. अशा उजाड खडकांवर केवळ किड्यांवर भागत नाही, म्हणून हे सरडे फळे, परागकण आणि मधुरसही खातात. आयरेवर सडलेल्या मांसासारखा वास सोडून माश्यांना बोलावणारी, अळूच्या कुळातली एक वनस्पती आहे. सरडे तिच्या उबदार फुलोऱ्यावर बसून ऊब घेतात, आलेल्या माश्या टिपतात, आणि पुढे तिची फळे खाऊन बिया दूरवर पसरवतात.

(दृश्य : इबीझाचे बंदर. मालमोटारीत आडवे ठेवलेले जुने ऑलिव्ह वृक्ष.)

मायोर्काच्या नैऋत्येला इबीझा आणि फोर्मेंतेरा ही बेटे आहेत. तिथे या सरड्याचा भाऊबंद राहतो आणि तो अलीकडेपर्यंत मुख्य बेटांवरही भरपूर होता, कारण तिथे साप नव्हते. इबीझाची माती सापांना पळवून लावते, असे रोमन लेखक थोरला प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. हा समज एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोडला. बंगल्यांच्या बागांसाठी स्पेनच्या मुख्य भूमीवरून शतकभर जुने ऑलिव्ह वृक्ष मुळासकट उपटून आणण्याची हौस वाढली होती. त्यांच्या पोकळ खोडांमध्ये हिवाळी झोप घेणारे किंवा अंड्यांच्या रूपातले साप बेटावर पोहोचले. त्यांतला घोड्याच्या नालेसारखी खूण असलेला मोठा, बिनविषारी साप इबीझावर चांगलाच फोफावला. 2018 पर्यंत त्याने जवळपास निम्मे बेट व्यापले होते, आणि तो जिथे स्थिरावला तिथून सरडे दिसेनासे झाले. सापांच्या पोटातल्या अन्नाची तपासणी केली, तेव्हा त्यात सर्वाधिक वाटा सरड्यांचाच निघाला.

सरडे गेल्याचा परिणाम त्यांच्यापुरता राहत नाही, कारण बिया पसरवण्याचे आणि किडे आटोक्यात ठेवण्याचे मोठे काम ते करतात. सध्या तिथे शासनातर्फे आणि स्थानिक लोकांच्या मदतीने पेटीसारखे सापळे लावले जातात. आत वेगळ्या कप्प्यात सुरक्षित ठेवलेला जिवंत उंदीर असतो आणि त्याच्या वासाने आलेला साप अडकतो. दरवर्षी मोठ्या संख्येने साप पकडले जातात, तरी त्यांचा फैलाव थांबलेला नाही. हे साप समुद्रात पोहताना दिसले आहेत आणि इबीझाभोवतीच्या काही बेटुकल्यांपर्यंत पोहोचलेही आहेत. हीच जात मायोर्कावरही आढळली आहे, आणि मायोर्काचा किनारा व द्रागोनेरा यांच्यामधली खाडी एक किलोमीटरपेक्षाही कमी रुंद आहे.