पत्रिका, फ्लेक्स आणि फुकटातली हक्काची सॉफ्टवेअर्स

नमस्कार मंडळी. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या ही कामं जे करतात किंवा नुकतीच शिकतायत, त्यांच्याशी आज बोलायचंय.

मी शिकलो ते चोरीच्या सॉफ्टवेअरवरच. पेनड्राइव्हवर कुणीतरी दिलं, क्रॅक (फुकटात चालवायला सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारी फाइल) टाकला, झालं काम सुरू. आणि मग ऐन लग्नसराईत त्या क्रॅकबरोबर आलेल्या व्हायरसने सगळ्या फाइली खाल्ल्या, तयार पत्रिका गेल्या, मुलीचे वडील समोर उभे आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. विकत घ्यायचं म्हटलं तर दरमहा भाडं, ते आमच्यासारख्या छोट्या दुकानाला कसं झेपणार?

तेव्हा इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. २००३ पासून जगभरातले लोक मिळून ते बनवतायत, फुकट आहे आणि त्यावर धंदा करायलाही पूर्ण परवानगी आहे. पाटी, लोगो, पत्रिका, जिथे रेषा कितीही मोठी केली तरी फाटायला नको तिथे हेच. पेन्सिलने काढलेला गणपती स्कॅन करा, ट्रेस बिटमॅप करा, त्याच्या रेषा होतात, मग मनासारख्या वळवा. जुनी सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाइलसुद्धा बरेचदा उघडते, थोडी डागडुजी मात्र करावी लागते.

खरी अडचण मराठीची आहे बरं का. आपला वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, त्याला युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची आजची पद्धत) फॉन्ट लावला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. तो आधी कन्व्हर्टरमधून काढायचा, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय. मग मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू असे सुंदर फॉन्ट मोफत आहेत, जोडाक्षरं नीट येतात. प्रेसला देताना ऑब्जेक्ट टू पाथ करा, अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात, म्हणजे आपण म्हणतो ना ‘कर्व्ह करून दे’, तेच. आणि त्याआधीची फाइल वेगळी सेव्ह करा, कारण नंतर नावातली वेलांटी बदलता येत नाही!

छपाईला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, हवं असेल तर इंकस्केप तिथे कमी पडतं, हे मी लपवणार नाही. मी डिझाइन एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) करून स्क्राइबस या पानं मांडायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घेतो, रंग तपासतो आणि तिथून पीडीएफ काढतो. एक पायरी वाढते खरी. फोटोसाठी गिंप आहे, १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं.

आणि घरात चित्रं काढणारं पोर असेल तर क्रिता हे रंगवायचं सॉफ्टवेअर द्या त्याला. स्वीडिशमध्ये क्रिता म्हणजे खडू. ब्रश इतके की पोर जेवायला उठत नाही, माझी भाची तासन्‌तास बसते.

सगळं एकदम बदलू नका. एखादी साखरपुड्याची साधी पत्रिका घ्या, घाई नसलेली, आणि ती इंकस्केपमध्ये करून बघा. पहिल्यांदा दुप्पट वेळ लागेल, मलाही लागला होता.