रूळ गेले, भराव राहिले

सोलापूर स्थानकाच्या पादचारी पुलावरून खाली पाहिले, तर आज सगळे रूळ एकाच रुंदीचे दिसतात. ज्यांनी हे स्थानक तीसेक वर्षांपूर्वी पाहिले आहे, त्यांना मात्र विजापूर-गदगकडे जाणारी मीटरगेजची गाडी आठवते. आणि कुर्डुवाडीला उतरून बार्शीची किंवा पंढरपूरची छोटी गाडी पकडलेली माणसे तर जिल्ह्यात गावोगाव भेटतात. या एका जिल्ह्यात तीन रुंदींचे लोहमार्ग होते. ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, मीटरगेज १,००० मिलिमीटरचा आणि बार्शीचा नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा. शेवटचे दोन गेले. ते ज्या जमिनीवरून जात होते, त्या जमिनीवर त्यांची खूण अजून आहे, आणि तिचाच माग आपण काढणार आहोत.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६० साली सोलापुरात पोहोचला. बोरघाटाचे अवघड काम तेव्हा चालूच होते, ते १८६३ साली पुरे झाले. त्यानंतर मुंबईहून थेट सोलापूरपर्यंत रूळ अखंड झाले आणि १८७७ साली इथली पहिली कापडगिरणी सुरू झाली. सोलापूरकर तिला आजही 'जुनी गिरणी' म्हणतात, आणि तिचे संस्थापक मोरारजी गोकुळदास यांचे नाव मुरारजी पेठेने जपले आहे. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. आधी रेल्वे आणि मग गिरणी, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कापूस आसपास पिकत असला तरी यंत्रे समुद्रापारहून यायची, बॉयलरचा कोळसा दूरच्या खाणींतून यायचा आणि तयार कापडाला बाजार लांबचा होता.

१८८४ साली सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग गदगहून सोलापूरजवळच्या होटगीपर्यंत आला. दोन रुंदींचे मार्ग एकत्र आले, की एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नाही. त्यामुळे कापसाची प्रत्येक गाठ आणि धान्याचे प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरूनच एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसरीत जात असे. उद्योगाच्या इतिहासात गिरणीमालकांची नावे येतात; मालधक्क्यावरच्या या माणसांनी उचललेले वजन कुठल्याही कोनशिलेवर कोरलेले नाही, आणि माझ्या मते ही या इतिहासातली मोठी उणीव आहे.

आता कुर्डुवाडीकडे वळू. या स्थानकाचे मूळ नाव बार्शी रोड होते, कारण बार्शीची व्यापारपेठ इथून सुमारे ३५ किलोमीटर आत होती. ते अंतर जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे आखली आणि १८९७ साली ती सुरू झाली. अरुंद मार्ग म्हणजे कमी कामाचा मार्ग, ही समजूत त्याला मान्य नव्हती. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम होता. भार असा सारखा वाटला, की प्रति यार्ड अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळही भरपूर माल पेलू शकत. म्हणूनच लीड्सच्या किटसन कारखान्यातली त्याची इंजिने बारा चाकांची होती. हा मार्ग १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली निजामाच्या मुलखातल्या लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला, तेव्हा त्याची एकूण लांबी ३२५ किलोमीटरच्या आसपास झाली. १९५४ साली तो सरकारने घेतला आणि या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने त्याचे ब्रॉडगेज झाले.

ब्रॉडगेजसाठी अनेक ठिकाणी नवी आखणी करावी लागली, कारण छोटी गाडी जे वळण सहज घेत असे, ते मोठ्या गाडीला झेपत नाही. जिथे नवा मार्ग बाजूला सरकला, तिथे जुना भराव तसाच मागे राहिला. तो ओळखायचा कसा? आपल्याकडे शेताचे बांध बहुतेक सरळ रेषेत असतात किंवा ओढ्याच्या कलाने मोडतात. त्यांमधून लांबलचक, एकसारखी, संथ कमान धरून गेलेला उंचवटा दिसला, तर तो रेल्वेचा भराव असण्याची शक्यता मोठी. त्याच्या दोन्ही अंगांना, मुरूम काढल्यामुळे पडलेले उथळ खड्डे असतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचते. भराव ओढ्याशी येतो, तिथे वेड्या बाभळीच्या आड घडीव दगडांची मोरी सापडते. उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रातही ही कमान कळते, पण आमच्या अनुभवात गावनकाशा त्याहून बोलका असतो. शेतांच्या गटांना तिरपी छेदत जाणारी चिंचोळी पट्टी त्यावर दिसली, की पुढचे काम सोपे होते.

बार्शीच्या पूर्वेला याचा सर्वांत सुंदर नमुना आहे. नवा मार्ग धाराशिव शहर गाठण्यासाठी वळवला गेला आणि येडशीजवळच्या रामलिंग घाटातून बालाघाटाचा डोंगर चढणारी जुनी छोटी लाइन मागे पडली. हा परिसर आज अभयारण्याचा भाग आहे. याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात आखलेली छोटी रेल्वे १९३४ साली बंद पडली आणि तीनच वर्षांत तिच्या भरावावर पायवाट झाली, जिच्यावरून लोक अजून चालतात. रामलिंगच्या घाटाला अशी वाट मिळावी, असे मला मनापासून वाटते. निदान तिथल्या मोऱ्यांची आणि पुलांच्या खांबांची मोजमापे तरी आताच घेऊन ठेवली पाहिजेत, कारण घडीव दगडाला गिऱ्हाईक लवकर मिळते.

कुर्डुवाडीचा नॅरोगेज कारखाना मात्र टिकला. बार्शीची गाडी गेल्यावरही तिथल्या कारागिरांचे हात माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांसाठी उपयोगी पडले.

जुन्या पुलांपैकी एक रूळ गेल्यावरही दीर्घकाळ वाहता राहिला. उजनी धरणाच्या पाण्यामुळे मुंबई-सोलापूर लोहमार्ग भिगवणच्या परिसरात बाजूला हलवावा लागला आणि डिकसळजवळचा भीमेवरचा दगडी रेल्वेपूल रुळांवाचून उरला. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतल्या लोकांनी तो आपला रस्ता केला. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की पलीकडे पळसदेवच्या बुडालेल्या पळसनाथाचे शिखर वर येते. इकडे, आगगाडीच्या वजनासाठी रचलेल्या त्याच कमानींवरून मोटारसायकली एका काठावरून दुसऱ्या काठाला जात असत.