मनुक्याच्या जागी सोल

फोंड्यातली ही खोली. खाली किराणा दुकान, वर पत्रे, आणि पाऊस लागला की मॅडमना आपलाच आवाज ऐकू येत नाही. पण बायकांना घेतलेल्या तासाचं रेकॉर्डिंग आजच करायचंय, परवा ते परदेशातल्या सुपरव्हायझरला पाठवायचंय.

मॅडम म्हणजे शाळेतल्या काउन्सेलर, 20 वर्षं पोरांना नि आईबापांना सल्ले दिले, आणि आता पंचेचाळिशीत माइंडफुलनेस (या क्षणी जे चाललंय त्याकडे लक्ष ठेवणं) आणि करुणा शिकवायचा पोस्टग्रॅज्युएट कोर्स करतायत, ऑनलाइन. सासूबाई विचारतात, "अगो, डोळे मिटून बसायला पण डिग्री लागते?"

बसायला नाही लागत, दुसऱ्याला बसवायला लागते. 1979 ला अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटांसाठी कोर्स काढला, तिथनं हे पसरलं. पसरलं तसे शिकवणारेही वाढले, मग त्यांना तपासायचं कसं? बँगोर, एक्सेटर नि ऑक्सफर्ड या युनिव्हर्सिटींनी मिळून 6 गोष्टींची कसोटी बनवली. वेळ सांभाळणं वगैरे त्यात आहेच, पण शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्यात माइंडफुलनेस उतरलाय का हेही बघतात, आणि भल्याभल्यांची पंचाईत तिथंच होते.

पहिल्या तासाला एकेक मनुका देतात, बघायचा, हुंगायचा, मग सावकाश खायचा. मॅडमनी सोलां, म्हणजे आमसुलं दिली. ही बाई बघा, सोल अजून तळहातावरच आहे नि तोंडाला पाणी सुटलंय, हसतेय. अर्धा तास समजावूनही हे कळलं नसतं.

भाषेची वेगळीच कटकट. इंग्रजीत हुकूम न करता बोलायची सोय आहे, मराठीत "श्वासाकडे लक्ष द्या" म्हटलं की सगळ्या शाळेत असल्यासारख्या ताठ बसतात. मॅडम आता म्हणतात, "श्वास येतोय... जातोय... मन भटकलं? भटकू दे." आणि करुणा? स्वतःवर करुणा म्हटलं तर एक आजी म्हणाल्या, आपलीच आपण कीव काय करायची! मग मॅडमनी विचारलं, शेजारणीचं दूध उतू गेलं तर तिला काय म्हणता, नि तुमचं गेलं तर स्वतःला काय म्हणता? आजी म्हणाल्या, "ते कॅमेऱ्यासमोर नको."

सराव संपला की काय जाणवलं ते विचारायचं, आणि सल्ला द्यायचा नाही. मागच्या रेकॉर्डिंगवर सुपरव्हायझरनं नेमकं हेच धरलं होतं, बाईचं वाक्य संपायच्या आत मॅडम उपाय सांगून मोकळ्या.

आज ही बाई म्हणते, "मला कसली शांती नि काय, सगळा वेळ नवऱ्याची शुगरच डोक्यात." मॅडमचे ओठ हलले, बघा, आणि मिटले. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग ती बाईच म्हणते, "छातीत इथं गच्च होतं. आता जरा कमी आहे."

रात्री घरी मॅडमनी ऐकून बघितलं, तर तेवढ्याच भागात पत्र्यावरचा पाऊस. बाकी काही ऐकू येत नाही.