तळघरात थांबलेली वर्षं

[दृश्य: अंधारं तळघर. पिंपांच्या रांगा. मेणबत्तीच्या उजेडात काचेचा पेला.]

उत्तर स्पेनमधलं आरो हे गाव. जमिनीखाली, ओकच्या पिंपांमधल्या अरुंद वाटेत एक माणूस मेणबत्ती घेऊन बसलाय. पिंपाच्या तोटीतून वाइन उतरतेय. अधूनमधून तो थोडी वाइन पेल्यात घेतो आणि ज्योतीसमोर धरतो. नितळ दिसली तर धार चालू ठेवतो. गाळाची पहिली रेघ दिसली की तोटी बंद. वरची स्वच्छ वाइन दुसऱ्या पिंपात गेलेली असते, तळाचा गाळ मागे राहतो. हे काम पंपानं केव्हाच उरकता आलं असतं. पण आरोच्या काही जुन्या घराण्यांनी ते अजून माणसाच्या नजरेवरच सोडलंय.

[दृश्य: दिवस. एब्रो नदी, दोन्ही तीरांवर द्राक्षमळे, मागे डोंगररांग.]

हा रिओहा प्रदेश. उत्तरेला सिएरा कांताब्रिया डोंगर आडवा उभा आहे, त्यामुळे अटलांटिकचा गार वारा अडतो. खालून एब्रो नदी वाहते. इथल्या मुख्य द्राक्षाचं नाव टेम्प्रानिलो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. इतर वाणांच्या आधी पिकतं, म्हणून हे नाव. आणि आपण जिला रेड वाइन म्हणतो, तिला स्पॅनिश माणूस ‘लाल’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘तिंतो’, म्हणजे रंगवलेली. शब्द अगदी नेमका आहे. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा फिकाच असतो. रंग असतो सालीत. साल रसात मुरते, तसा रस रंगतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तो तुरटपणाही सालीतून आणि बीतूनच येतो.

हा तुरटपणा मवाळ करायला वेळ लागतो. रिओहानं तो वेळ देण्याचीच कला केली.

[दृश्य: आरोचं रेल्वे स्टेशन, त्याला लागून उभ्या जुन्या दगडी वायनरी.]

त्यामागे एक संकट आहे. १८६०च्या दशकात फ्रान्सच्या मळ्यांत फिलोक्सेरा हा अमेरिकेतून आलेला बारीक कीटक शिरला. तो वेलीच्या मुळांवर जगतो. मळेच्या मळे वाळून गेले, आणि बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात आले. २२५ लिटरच्या पिंपात वाइन मुरवायची त्यांची पद्धत इथे काही घराण्यांनी आधीच उचलली होती, आता ती चांगलीच रुजली. आरोला १८६३मध्ये रेल्वे आली होती, बिल्बाओ बंदर जोडलं गेलं होतं. स्टेशनच्या भोवतीच वायनरी उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया हे घराणं १८७७चं. ते आजही आपली पिंपं स्वतःच्या सुतारखान्यात बनवतं. त्यांच्या तळघरातली कोळिष्टकं कुणी झाडत नाही, कारण बुचं पोखरणाऱ्या पतंगांना कोळी खातात.

पुढे तो कीटक रिओहातही आला. उपाय सगळीकडे एकच ठरला: मूळ अमेरिकन वेलीचं, त्यावर कलम युरोपच्या वाणाचं. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम भरतो, ते क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई झेलण्यासाठी. पण तो खुंटही अमेरिकेतल्याच रानवेलींच्या कुळातला.

[दृश्य: चार पेले ओळीनं. जांभळट, गडद लाल, माणकासारखा, विटकरी.]

आता हे चार पेले बघा. पहिली ‘होवेन’, म्हणजे तरुण. रंग जांभळट, चव ताज्या फळाची, पिंपाचा स्पर्श नाही किंवा अगदी थोडा. दुसरी ‘क्रिआंसा’. या शब्दाचा अर्थ मला फार आवडतो: संगोपन. लेकराला वाढवावं तसं वाइनला वाढवणं. निदान दोन वर्षं, त्यातलं किमान एक पिंपात. तिसरी ‘रेसेर्वा’, निदान तीन वर्षांची. आणि ‘ग्रान रेसेर्वा’ पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय बाहेर पडत नाही, त्यातली किमान दोन पिंपातली. तिचा रंग विटकरीकडे झुकलेला असतो. वासात अमेरिकन ओकचा व्हॅनिला असतो, जुनं चामडं, सुकं अंजीर, वाळलेली पानं असतात. इतर देशांत चांगली बाटली घरी नेऊन वर्षानुवर्षं जपण्याचं काम गिऱ्हाइकाचं. इथे ते काम वायनरीच करते.

या पद्धतीवर एक आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो. लेबल वय सांगतं, माती सांगत नाही. नदीकाठच्या सपाट रानातली वाइन आणि डोंगराच्या कुशीतल्या जुन्या वेलीची वाइन एकाच नावानं विकली जायची. २०१७मध्ये रिओहाच्या नियामक मंडळानं एकेका मळ्याचं नाव लावायला वाट मोकळी केली.

[दृश्य: पहाट. उंच पठार, पानांवर हिमकण.]

माती आणि हवा किती फरक पाडतात, ते बघायला दुएरो नदीकाठी जाऊ. रिबेरा देल दुएरोचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते ९०० मीटरवर, काही त्याहून उंच. या कास्तिया प्रांताबद्दल म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. उन्हाळ्यात दुपारी अंग भाजतं, रात्री स्वेटर लागतो. द्राक्ष तेच, टेम्प्रानिलो. इथे त्याला ‘तिंतो फिनो’ म्हणतात. गार रात्रींमुळे मण्यातला आंबटपणा टिकतो, आणि या हवेत साल जाड होते. म्हणून पेल्यातला रंग शाईसारखा आणि तुरटपणा भक्कम. लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या कोकराच्या मांसासोबत ती पितात. वेगा सिसिलिया ही इथली १८६४ची वायनरी. त्यांची ‘युनिको’ बहुतेकदा तोडणीनंतर सुमारे दहा वर्षांनी बाजारात येते. एवढं घराणं असूनही वाइनचा प्रदेश म्हणून रिबेराला अधिकृत दर्जा मिळायला १९८२ उजाडावं लागलं.

[दृश्य: कातळी उतार, दुपारच्या उन्हात चमकणारे काळे दगड.]

काटालोनियातलं प्रिओरात. इथे माती शोधावी लागते. पायाखाली पाटीच्या दगडाच्या चिपा, स्थानिक बोलीत ‘यिकोरेया’. मुळं दगडाच्या फटींतून खोल उतरतात आणि वेलीला मोजकेच घड लागतात. गार्नाचा आणि कारिन्येना ही इथली जुनी द्राक्षं. ११९४मध्ये कार्थुजियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी स्काला देई, म्हणजे देवाची शिडी, हा मठ उभारला आणि मळे लावले. पुढे मठ ओसाड पडला, फिलोक्सेरा आला, माणसं शहराकडे गेली. १९८९मध्ये रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि त्यांच्या काही सोबत्यांनी ग्राताल्योप्स गावात एकत्र वाइन केली आणि आपापल्या नावानं विकली. आज स्पेनमध्ये सर्वोच्च दर्जा दोनच प्रदेशांना आहे: रिओहा आणि प्रिओरात. ही वाइन दाट आणि जोरकस असते. घोट गिळल्यावरही ओल्या दगडाचा भास मागे राहतो.

[दृश्य: आग्नेय स्पेन. वाळूसारखी जमीन, गुडघ्याएवढ्या ठेंगण्या वेली.]

आणि हुमिया. वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस. ना मांडव, ना तारा. झुडपासारखी छाटलेली वेल स्वतःच्याच पानांची सावली घडांवर धरते. द्राक्ष मोनास्त्रेल. रेताड जमिनीत फिलोक्सेराला सहज सरकता येत नाही, म्हणून इथल्या काही म्हाताऱ्या वेली आजही कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. यांची वाइन स्वस्त मिळते, म्हणून लोक तिला हलकी समजतात. मला तो अन्याय वाटतो. तिच्यात पिकल्या करवंदाचा गोडवा आहे आणि उन्हाने तापलेल्या रानझुडपांचा वास.

[दृश्य: संध्याकाळ. लोग्रोन्यो शहर, काये देल लाउरेल गल्ली.]

पुन्हा रिओहा. लोग्रोन्योच्या या गल्लीत एकाला लागून एक बार आहेत. माणसं उभ्यानंच खातात, पितात, पुढच्या दारात जातात. कुणी वायनरीचं नाव घेत नाही. तव्यावर लसूण घालून भाजलेल्या मशरूमचा वास दारापर्यंत आलाय. कामावरून आलेला एक म्हातारा काउंटरवर हात ठेवतो आणि एवढंच म्हणतो, “उन क्रिआंसा.”

छोटा पेला भरला जातो.